पट्ट्यांतलं सोनं

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक बाई साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट चढवून, हातात पेटती उदबत्ती घेऊन फिरताना मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं सूर्याची पूजा चाललीय. कठड्याच्या एका कोपऱ्यात थांबायची, धुराकडं टक लावून बघायची, मग दुसऱ्या कोपऱ्यात जायची. मी चहा ठेवायला खाली आले, तर पाठोपाठ दार वाजलं.

"दोरीवरचे कपडे तुमचेच ना? काढून घ्या. मला धूर करायचाय. भोकं पडतील."

ह्या इंदूकाकू. तळमजल्यावर एकट्या राहायच्या. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी शाळेत मराठी शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. पासष्टीच्या आसपासचं वय, किरकोळ अंगकाठी, आणि डाव्या मनगटावर एक गुळगुळीत पांढरा डाग. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "तेजाब. चूक माझी." त्यापुढं काही नाही.

त्यांचे यजमान दिगंबरकाका घड्याळं दुरुस्त करायचे. गुलमंडीच्या मागं एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. लोक घड्याळाला नवा पट्टा लावून घेत आणि जुना तिथंच टाकून जात. त्यातले जुने, सोनेरी, बहुतेक बाहेरदेशातून आलेले पट्टे काका वेगळे काढून डब्यात ठेवायचे. आयुष्यभर ठेवत आले. "ह्यात सोनं आहे" असं म्हणायचे, आणि भाऊबंद, शेजारी, सगळे हसायचे. लग्नकार्यात त्यांच्या त्या डब्यांवरून थट्टा व्हायची. काकू त्या वेळी काही बोलायच्या नाहीत. काका गेले, दुकान रिकामं केलं, तेव्हा पत्र्याचे अकरा डबे घरी आले. दहावं-तेरावं झाल्यावर काकूंनी पहिला डबा उघडला.

"लोक त्याला मुलामा म्हणतात," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मुलामा म्हणजे नुसता रंग. हा पत्रा आहे, पितळेवर दाबून बसवलेला. पातळ आहे, पण खरा आहे."

त्यांचं काम मी पुढं तीन वर्षं पाहिलं. आधी प्रत्येक पट्टा पक्कडीनं उघडायचा. आतल्या पोलादी स्प्रिंगा काढून टाकायच्या आणि वरचे सोनेरी तुकडे तेवढे ठेवायचे. मग गच्चीवर, काचेच्या भांड्यात, शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, ते तुकडे टाकायचे. तेजाब पितळ खातं, सोन्याला हात लावत नाही. भांड्यातून तांबूस, विटकरी रंगाचा धूर उठायचा, खालचं पाणी हिरवंनिळं व्हायचं, आणि बऱ्याच वेळानं त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोन्याची सालं तरंगायला लागायची. ती धुवायची, पुन्हा दुसऱ्या तेजाबात विरघळवायची, गाळायची, हिराकस नावाचा हिरवा क्षार घालून खाली बसवायची. तेव्हा जे मिळायचं ते सोनं वाटायचंच नाही. फिल्टर कॉफीच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी. ती मुशीत टाकणखाराबरोबर वितळवली की पिवळा थेंब जमायचा.

पहिला थेंब त्यांनी मला दाखवला तो तुरीच्या डाळीएवढा होता. तळहातावर घेऊन त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "माणूस खरं बोलत होता."

विकायचं, दागिना करायचा, असं काही त्यांच्या मनात नव्हतंच. त्यांना अकराच्या अकरा डबे संपवायचे होते.

त्या विटकरी धुराला त्या फार भ्यायच्या. इतकं ठाम, नेटकं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. उदबत्ती त्यासाठीच. वारा रस्त्याच्या बाजूला, मोकळ्यावर जात असेल तरच काम. वारा पडलेला असेल, किंवा शेजारच्या खिडक्यांकडं वळत असेल, तर सगळं सामान आवरून खाली. मांडलेलं काम त्या अशा कितीतरी वेळा गुंडाळून ठेवायच्या आणि त्याबद्दल कधी कुरकुरायच्या नाहीत. उरलेलं निळं पाणीही त्यांनी कधी मोरीत ओतलं नाही. चुना घालून, थंड करून, गाळ वेगळा बांधून ठेवायच्या.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, रविवारी तासभर मोकळ्या असता का. मी हो म्हटलं. मला वाटलं काही धरायला वगैरे हवं असेल.

"धरायचं काय नाय. जिन्याच्या दाराच्या आत उभं राहायचं. मी पडले तरी गच्चीवर पाऊल टाकायचं नाय. दार लावायचं, फोन करायचा, आणि दुसऱ्या कुणालाही वर येऊ द्यायचं नाय."

"आणि तुम्ही?"

"मी पडलेलीच असणार की."

त्या हसल्या नव्हत्या. मी तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी त्या दारात उभी राहिले. काम चालू असताना एकही शब्द बोलायचा नाही, हा नियम. मी विचारलं तर उत्तर नाही, त्यांना काही सुचलं तरी त्या बोलायच्या नाहीत. ओतताना हात इतका सावकाश फिरायचा की बघणाऱ्याच्या खांद्यात कळ यावी. भांड्याकडं पाठ कधी नाही. धूर उठला की चार पावलं मागं, वाऱ्याच्या अलीकडं, आणि डोळे धुरावर. मी मात्र त्यांच्या पायांकडं बघत उभी असायचे. डगमगले तर काय करायचं ते मनात घोकत. दार लावायचं, फोन करायचा. हे आपल्याच्यानं होईल का, याची मला कधीच खात्री वाटली नाही.

हळूहळू लोकांना कळलं आणि कुणीकुणी आपले पट्टे घेऊन येऊ लागलं. दौलताबादहून एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते. त्यांचे वडील किल्ल्यावर लोकांना माहिती सांगायचं काम करायचे, आणि कुण्या परदेशी पाहुण्यानं खूश होऊन त्यांना हातातलं घड्याळ दिलं होतं. घड्याळ केव्हाच बंद पडलं, पण पट्टा अस्सल सोन्याचा म्हणून घरात देवाजवळ ठेवलेला. दिवाळीला त्याची पूजा व्हायची. आता त्यांना तो वितळवून मुलीच्या अंगावर काहीतरी घालायचं होतं.

काकूंनी तो हातात घेतला नाही. त्यांनाच धरायला लावला, आतल्या बाजूला कानशीनं एक रेघ ओढली आणि काचेच्या काडीनं तेजाबाचा थेंब ठेवला. रेघेवर हिरवा फेस आला.

"सोनं आहे," त्या म्हणाल्या. "वर कातडीएवढं. आत पितळ."

गृहस्थांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. तुम्ही काहीतरी लावून बिघडवलं, असं ते म्हणायला लागले. आवाज वाढला. त्यांच्याबरोबर आलेले दोघं दारात येऊन उभे राहिले, आणि एकानं टेबलावरची तेजाबाची बाटली उचलायला हात घातला. मी भिंतीला टेकले होते. काकू बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. बाटलीवर त्यांनी फक्त आपला हात ठेवला आणि त्या माणसाकडं बघत राहिल्या, तो हात मागं घेईपर्यंत.

मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी खोटं नाय सांगितलं. त्यांना जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. हे मी विरघळवणार नाय. घरी न्या, हातात घाला."

ते तसेच उठून गेले. जाताना जिन्यात त्यांनी तो पट्टा मनगटावर चढवून बघितला. काकूंनी दार लावलं, आणि मग तिथंच दाराला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "बाटली फुटली असती ना बाई," एवढंच म्हणाल्या.

आता प्रल्हादरावांचं सांगायला हवं.

प्रल्हादराव म्हणजे काकूंचे धाकटे दीर. शेंद्र्याला राहायचे. शेतीचा बराच भाग एमआयडीसीत गेला, मग तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचं काम केलं, आता घरीच. मोकळा, हसरा माणूस. भावाच्या डब्यांची थट्टा करण्यात हेच सगळ्यांत पुढं असायचे. पहिला थेंब पाहिला आणि थट्टा थांबली, आणि त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी बसनं येऊ लागले. माझ्याशेजारी दारात उभे राहून ते सगळं डोळ्यांत साठवायचे. खाली आल्यावर म्हणायचे, "वहिनी, एवढंच आहे का? काहीतरी लपवताय तुम्ही."

"लपवायला काय आहे, भाऊजी. वेळ लागतो, तेवढंच."

त्यांना बसवत नव्हतं, म्हणून काकूंनी त्यांना एक डबा दिला. घरी बसून पट्टे उघडा, स्प्रिंगा काढा, तुकडे वेगळे करून आणा. तेजाबाचं काम इथंच होईल. त्यांनी हो म्हटलं.

मार्चमधली गोष्ट. शनिवार होता, शाळा सकाळची. मी अकराच्या सुमाराला घरी येत होते, तर काकू पॅसेजमध्ये फोन कानाला लावून उभ्या. पलीकडून प्रल्हादरावांचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका तो आनंदानं चढलेला. वहिनी, जमलं. सालं तरंगली. तुमच्या गच्चीची गरज नाय, बाथरूममध्येच केलं. बोलता बोलता ते खोकले. एकदाच, कोरडं. काकूंनी विचारलं, धूर किती वेळ होता. ते म्हणाले, अर्धा-पाऊण तास, जरा डोळे चुरचुरले, आता एकदम टकाटक आहे, चहा पितोय.

काकूंनी फोन ठेवला.

"बाई, रिक्षा बघा. शेंद्र्याला जायचंय. परत दवाखान्यात पण सोडायचं, आधीच सांगा त्याला."

शेंद्र्याला पोचायला पाऊण तास लागला. सगळ्या वाटेत त्या एकच गोष्ट बोलल्या, रिक्षावाल्याला, थोडं जोरात घ्या म्हणून. आम्ही पोचलो तर प्रल्हादराव ओट्यावर बसलेले, हातात काचेची बरणी, आत सोनेरी सालं. त्यांची बायको सुशीलाताई पोह्यांच्या बशा भरत होत्या. काकूंनी बरणीकडं पाहिलंही नाही. सरळ बाथरूममध्ये गेल्या. मी मागं गेले. चार बाय पाचाची खोली, खिडकी घट्ट लावलेली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. आणि खिडकीच्या कट्ट्यावर देवाची छोटी तसबीर. तिच्यापुढं उदबत्तीची जळून गेलेली काडी.

काकू उंबऱ्यावर बसल्या. काम चालू असताना, बोलताना, भांडतानाही मी त्यांना कधी अशा खचून बसलेल्या पाहिल्या नव्हत्या.

प्रल्हादराव मागं येऊन म्हणाले, "तुम्ही करता तसंच केलं की सगळं. उदबत्ती पण लावली आधी."

"ती देवासाठी नव्हती, भाऊजी," काकू म्हणाल्या. "वाऱ्यासाठी होती."

त्यांना कळलं नाही. तेवढ्यात काकू उठल्या होत्या. दवाखान्यात चला म्हणाल्या. ते हसायला लागले. मला काय झालंय? सुशीलाताईंनाही हे काहीतरीच वाटलं. त्या म्हणाल्या, खाऊन तरी जा. काकूंनी दिराचा दंड धरला. वहिनीनं दिराला हात लावायची त्या घरात पद्धत नव्हती. ते उठले आणि रिक्षात बसले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नीट तपासलं. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ. बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन व्यवस्थित. खोकलाही थांबला होता. त्या म्हणाल्या, औषध देते, घरी आराम करा, त्रास झाला तर या. प्रल्हादरावांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडं पाहिलं आणि चपला शोधायला लागले.

काकू वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडं कागद मागितला. शाळेच्या वहीचं पान फाडून दिलं, त्यावर त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. कोणतं तेजाब, किती, खोलीची लांबी-रुंदी, खिडकी बंद, किती मिनिटं, किती वाजता. खाली सही केली. तो कागद डॉक्टरांपुढं ठेवून म्हणाल्या, "हा फाइलला लावा. मग पाठवा."

डॉक्टरांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. तेव्हा काकू हळू आवाजात बोलल्या. त्या शाळेत असताना रसायनशास्त्राच्या सरांच्या हातून असाच धूर झाला होता. सर थोडे खोकले, मग बरे वाटले. हसत होते.

"मीच म्हणाले त्यांना, सर, घरी जाऊन पडा. ते गेले. जेवले, झोपले. सकाळी उठलेच नाय. मी एक माणूस घरी पाठवलेला आहे, डॉक्टर. दुसरा नाय पाठवणार."

डॉक्टरांनी वरिष्ठांना फोन लावला. तो कागद त्यांना वाचून दाखवला. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताच त्यांनी नर्सला कॉट तयार करायला सांगितलं.

दुपार गेली. काहीच होत नव्हतं, आणि तेच फार अवघड होतं. प्रल्हादराव कॉटवर बसून कंटाळले, मोबाइल बघू लागले. सुशीलाताई आल्या, त्यांनीही मला बाजूला घेऊन विचारलं की वहिनींच्या मनावर परिणाम झालाय का, दिगंबरकाका गेल्यापासून. काकू कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बाकडं होतं, त्यावर बसल्या नाहीत. दर थोड्या वेळानं त्या दिराच्या छातीकडं बघायच्या आणि ओठ हलवायच्या. मला वाटलं जप चाललाय. जवळ गेल्यावर कळलं, त्या श्वास मोजत होत्या.

सहा वाजून गेले असतील. प्रल्हादराव म्हणाले, जरा उकडतंय. मग म्हणाले, खिडकी उघडा. खिडकी उघडीच होती. काकूंनी नर्सला हाक मारली, आणि ती येईपर्यंत प्रल्हादरावांच्या ओठांचा रंग बदलला होता. ते उठून बसले, दोन्ही हात गादीवर रोवले, आणि पाण्यात पडलेल्या माणसासारखी हवा ओढायला लागले. छातीतून बुडबुड आवाज येत होता. तोंडाला गुलाबी फेस आला. पडदा ओढला गेला, धावपळ झाली, आम्हाला बाहेर काढलं. सुशीलाताईंनी काकूंचा पदर घट्ट धरला होता. सकाळी बरे असलेल्या माणसाला हे काय झालं, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मशीनवर ठेवलंय म्हणाल्या. मग काकूंकडं बघून म्हणाल्या, "घरी असते तर राहिले नसते."

काकूंनी मान हलवली. बाकड्यावर बसल्या, आणि पहिल्यांदा पाणी मागितलं.

प्रल्हादराव वाचले. मशीनवरून नवव्या दिवशी काढलं. पण महिन्याभरानं पुन्हा दम वाढला. फुप्फुसातल्या बारीक नळ्या आतून आकसत गेल्यात, त्या पुन्हा पूर्वीसारख्या होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेंद्र्याची धूळ सोसेना आणि दवाखानाही इकडंच, म्हणून काकूंनी दोघांना आपल्या घरी आणलं.

मी त्यांना एकदा म्हटलं की तुमच्यामुळं वाचले ते. त्या तांदूळ निवडत होत्या. "माझ्यामुळं गेले होते," म्हणाल्या. "मी गप्प राहून काम केलं. बोलले असते तर त्यांनी खिडकी उघडली असती." मी काही समजूत घालायला गेले, त्यांनी हातानं थांबवलं. ती सरांची गोष्ट त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती, दिगंबरकाकांनाही नाही. सांगायला हवी होती, एवढंच म्हणाल्या.

अकरावा डबा राहिला होता. पावसाळा संपल्यावर त्यांनी तो काढला. त्या रविवारी दारात मी, सुशीलाताई आणि बिल्डिंगमधले आणखी दोघं होते. काकूंनी शर्ट चढवला, उदबत्ती पेटवली, आणि आमच्याकडं वळून मोठ्यानं सांगायला लागल्या. आता मी काय करतेय, का करतेय, इथं काय चुकू शकतं, चुकलं तर माणूस कसा मरतो. शाळेत वर्गापुढं बोलायची त्यांना कधी वेळ आली नव्हती. आवाज चिरकत होता, मध्येच थांबत होता. पण शेवटचं साल धुवून होईपर्यंत त्या बोलत राहिल्या. त्यानंतर उरलेलं तेजाब त्यांनी माझ्यासमोर चुन्यात मारलं आणि भांडी फोडून टाकली.

पुढच्या वर्षी आम्ही घर बदललं, गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. जाणं-येणं कमी झालं, फोनवर बोलणं तेवढं राहिलं.

गेल्या जानेवारीत काही कामानं उस्मानपुऱ्यातून रिक्षानं चालले होते. सकाळचे आठ वाजले असतील. रस्ता एके ठिकाणी अडलेला. पुढं वाकून पाहिलं तर प्रल्हादराव स्वेटर घालून रस्त्याच्या कडेनं चालत होते, एकेक पाऊल टाकत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं असणार. त्यांच्या मागं चार पावलांवर इंदूकाकू होत्या, हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन. ते थांबले, हात कमरेवर ठेवला. काकूंनी लगेच खुर्ची त्यांच्या मागं टेकवली, आणि ते मागं न बघता बसले.

माझ्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. "क्या अम्मा, रस्ते में कुर्सी?"

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं नाही, मलाही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष दिराच्या छातीवर होतं. आमच्याकडं त्यांनी फक्त हात वर केला, थांबा म्हणून.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. रिक्षावाल्यानं काय पाहिलं कोण जाणे, त्यानं इंजिन बंद केलं. मागच्या दोन गाड्याही थांबल्या. मिनिटभरानं प्रल्हादराव उठले, काकूंनी खुर्ची उचलली, आणि दोघं पुढं चालू लागले.